माझा विरोध नोंदवा : मागच्या रांगेतल्या एका बंडखोर सदस्याचं प्रकरण

सभेचं इतिवृत्त लिहिणं हे माझं अनेक वर्षांचं काम. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपैकी एका जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागातून मी निवृत्त झालो. दोहोंपैकी कोणती, ते मुद्दाम सांगत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना इथे तात्या म्हणतो. त्यांना विचारूनच लिहितोय. गाव, गट (म्हणजे मतदारसंघ), पक्ष झाकलाय, ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदललेत.

नवे सदस्य अजूनही कधीतरी फोन करतात. पक्षादेश, म्हणजे व्हिप, आला तर काय करायचं, तटस्थ राहिलं तर चालतं का, असं विचारतात. दरवेळी मला तात्या आठवतात. फोनवर ते सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

पार्श्वभूमी

दोन्ही जिल्ह्यांची ठेवण एकसारखी. पश्चिमेला सह्याद्री, मधून कृष्णा, पूर्वेला माणदेश आणि त्याच्यासारखाच कोरडा मुलूख. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माण, आटपाडी, जतकडे पाचशेच्या आसपास, तोही लागला तर. राजकारणाचीही वाटणी याच रेषेवर झालीय. नदीकाठी ऊस, उसामागे कारखाना, कारखान्यामागे बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था, आणि या सगळ्यावर एक साहेब. पूर्वेला बाजरी, मेंढरं, अलीकडे डाळिंब.

तात्या पूर्वेकडचे. जमीन बरीच, पण विहिरीला पाणी दिवाळीपर्यंतच. धाकटा भाऊ गलाईच्या धंद्यात दक्षिणेकडे. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातली कितीतरी घरं सोनं-चांदी गाळण्याच्या या कामासाठी देशभर पांगलीत, त्यातलंच हे एक. तात्यांच्या निवडणुकांचा खर्च हा भाऊ करायचा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नदीकाठच्या एखाद्या सदस्यानं सभेत आवाज चढवला, तर तो घरी पोचायच्या आत त्याची ऊसतोड पंधरा दिवस पुढे गेलेली असायची. तात्यांच्या रानात ऊसच नव्हता, मग तोड कोण अडवणार? बंडाला धाडस लागतं म्हणतात. ते तर लागतंच, पण त्याच्याही आधी घराची नाडी दुसऱ्याच्या हातात नसावी लागते.

शिवाय या मातीला विरोधाची सवय आहे. 1942 च्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचा हा मुलूख. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी 1993 पासून आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवल्या, तेव्हा तात्या पंचविशीत होते. भाकरी बांधून सायकलीवर गेलेल्या पोरांपैकी एक. कृष्णेचं पाणी उचलून आपल्याकडे आणता येतं, हे तिथं पहिल्यांदा ऐकल्याचं ते सांगायचे.

1997 ला ते ग्रामपंचायतीत आले, मग सरपंच झाले. 2007 ला पंचायत समितीचं तिकीट कापलं गेलं, अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. आपल्याकडे बंडखोर म्हणतात तो असा, तिकीट कापल्यावर उभा राहिलेला. आणि असा माणूस निवडून आला की साहेब त्याला पुन्हा जवळ घेतात. तात्यांनाही घेतलं. 2012 ला जिल्हा परिषदेचं तिकीट साहेबांनी बोलावून दिलं. बंड मिटलं असंच सगळे धरून चालले.

अडचण नेमकी कुठे होती

त्याच वर्षी पावसानं दगा दिला. माण, आटपाडी, जत भागात चारा छावण्या पडल्या, गावोगावी टँकर. तात्यांच्या गटात अकरा गावांची एक प्रादेशिक नळपाणी योजना होती. पंप जुने, मेन लाईन जागोजाग फुटलेली, वीजबिल थकलेलं. योजना होती आणि पाणी नव्हतं. दुरुस्तीला पैसा लागणार होता, आणि जिल्हा परिषदेला स्वतःच्या अधिकारात खर्चता येतो तो पैसा म्हणजे स्वनिधी. जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, ठेवींवरचं व्याज, गाळ्यांची भाडी यातून तो जमतो. रक्कम मोठी नसते, म्हणून ओढाताण मोठी असते.

ही ओढाताण सभेत कुठे मिटते, ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. विषयपत्रिकेवर वीस-बावीस विषय असतात, त्यांवर भाषणं होतात, वर्तमानपत्रात येतात ती तीच. सगळ्यात शेवटी एक ओळ असते : 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. तोपर्यंत दुपारचे तीन वाजलेले असतात, ताटं लागल्याचा निरोप आलेला असतो, निम्मे सदस्य खुर्ची सोडून उभे असतात. कुणीतरी भराभर वाचतं आणि व्यासपीठावरून 'मंजूर, मंजूर' ऐकू येतं.

एका सभेत याच ऐनवेळच्या विषयात पाणीपुरवठा देखभालीच्या लेखाशीर्षातली, म्हणजे त्या खर्चाच्या खात्यातली, रक्कम पुनर्विनियोजन करून रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाकडे वळवली गेली. रस्ते सगळे नदीकाठच्या गटांतले. तात्या शेवटच्या रांगेत बसायचे. त्या रांगेचे माईक कधीच धड चालत नव्हते. ते उभे राहिले, माईकचं बटण दोनदा दाबलं, मग माईक बाजूला सारून ओरडून म्हणाले, "माझा विरोध आहे, नोंदवा." व्यासपीठावरून उत्तर आलं, "नोंदवलं, बसा तात्या."

मी नोंदवलं होतं. माझ्या कच्च्या इतिवृत्तात ती ओळ होती. कच्चा मसुदा वरून परत आला तेव्हा त्या ओळीवर लाल शाईची आडवी रेघ होती आणि समासात लिहिलं होतं : 'सर्वानुमते मंजूर'. मी पक्की प्रत तशी टंकून दिली. ते मी केलं, आणि ते इथे सांगितल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होत नाही.

पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. अर्धा मिनिट लागतो त्याला. त्या दिवशी सव्वा तास लागला. तात्यांनी इतिवृत्त शब्दन् शब्द वाचून आणलं होतं. असं वाचणारा सदस्य मी माझ्या नोकरीत बोटांवर मोजण्याइतका पाहिला. अखेर 'बघू, दुरुस्ती करू' असं आश्वासन मिळालं आणि सभा पुढे सरकली. दुरुस्ती झाली नाही.

सभेनंतर ते माझ्या टेबलाशी आले.

"भाऊसाहेब, तुम्ही ऐकलं होतं ना?"

"ऐकलं होतं, तात्या."

"मग?"

मला बोलता आलं नाही. ते चिडले नाहीत. पिशवीतून लाल कापडी पाठीची लांबट वही काढली, दुकानात उधारी लिहायला असते तशी, आणि त्या सभेची तारीख, ठराव क्रमांक, लेखाशीर्ष, रक्कम मला विचारून लिहून घेतली. त्या दिवसापासून ते स्वतःचं वेगळं इतिवृत्त ठेवू लागले.

पुढच्या दीड वर्षात त्या वहीतून तीन मागण्या तयार झाल्या. पैशाचा कोणताही विषय ऐनवेळी घ्यायचा नाही. देखभालीची रक्कम दुसरीकडे वळवायची नाही. सदस्यानं विरोध केला तर तो नावानिशी इतिवृत्तात आलाच पाहिजे. प्रत्येक सभेत ते याच तीन गोष्टी मागायचे. सुरुवातीला लोक ऐकायचे, नंतर हसायचे, शेवटी शेवटी 'तात्यांचं सुरू झालं' म्हणून चहाला उठायचे.

समोर कोणते मार्ग होते

जिल्हा परिषद अध्यक्षाचा कार्यकाळ अडीच वर्षांचा. मधल्या निवडीची वेळ आली तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर होती आणि सत्ताधाऱ्यांचं बहुमत होतं एका मताचं. इतके दिवस ज्यांच्या बोलण्याच्या वेळी लोक चहाला उठायचे, त्यांच्या दारात आता गाड्या उभ्या राहू लागल्या.

पहिला मार्ग साहेबांनीच पुढे केला. बंगल्यावर बोलावून म्हणाले, "तात्या, पुष्कळ झालं मागं बसणं. सभापती व्हा." एखाद्या विषय समितीचं सभापतिपद म्हणजे गाडी, दालन, शिपाई, गावात मिरवणूक. तात्यांनी मला नंतर सांगितलं की ते त्या रात्री झोपले नाहीत, कारण मोह झाला होता. पण जिल्हा परिषदेची रचना त्यांना आता पाठ झाली होती. पाण्याची समिती अध्यक्षांच्याच अध्यक्षतेखाली असते, आणि स्थायी समितीही. दुसऱ्या कुठल्या समितीचे सभापती होऊन देखभालीच्या पैशावर त्यांचा हात पोचणार नव्हता. उलट व्यासपीठावर बसल्यावर 'नोंदवा' म्हणायची सोय संपणार होती.

दुसरा मार्ग तटस्थ राहण्याचा, किंवा त्या दिवशी दवाखान्यात दाखल होण्याचा. बहुतेकांना हा सुरक्षित वाटतो आणि मला येणाऱ्या फोनांत सगळ्यात जास्त याचीच चौकशी असते. तो सुरक्षित नाही. स्थानिक संस्थांच्या सदस्यांना महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986 लागू आहे, आणि त्यात पक्षादेशाविरुद्ध मत देणं आणि पक्षादेश असताना मतदानापासून दूर राहणं, दोन्ही एकाच मापानं मोजलंय. शिवाय एका मताच्या बहुमतात एक जण तटस्थ राहिला की मतं समसमान, आणि मग चिठ्ठी. तात्या म्हणाले, "अकरा गावांचं पाणी चिठ्ठीवर सोडू?"

तिसरा मार्ग राजीनामा देऊन लोकांकडे परत जाण्याचा. एका जुन्या शिक्षकांनी हाच सुचवला होता. तात्यांना तो पटला नाही. टँकरची वाट बघत उभ्या बायकांना पुन्हा मतदानाच्या रांगेत उभं करायचं, हे त्यांना तोंड वर करून सांगता येईना.

चौथा, उघडपणे विरोधात मत देण्याचा. इथे एका वकील मित्रानं घोळ घातला. सर्वोच्च न्यायालयानं 1992 च्या किहोटो होलोहान निकालात म्हटलंय की पक्षादेश मोडला म्हणून सदस्यत्व जाणं हे विश्वासदर्शक ठरावासारख्या, सत्ता ठरवणाऱ्या किंवा पक्षाच्या मूळ धोरणाशी जोडलेल्या मतदानापुरतं मर्यादित असावं, असं त्यानं सांगितलं. पण तो निकाल संविधानाच्या दहाव्या अनुसूचीवरचा, म्हणजे आमदार-खासदारांच्या कायद्यावरचा. आणि तोच तर्क इथे लावायचा म्हटलं, तरी अध्यक्ष निवडीहून अधिक सत्ता ठरवणारं मतदान जिल्हा परिषदेत दुसरं कोणतं? तात्या मात्र थोडे निर्धास्त झाले.

आणखी एक मार्ग कायद्याच्याच कलमात होता, तो कुणीच बोललं नाही. पक्षाची आधी परवानगी घेऊन वेगळं मत देता येतं, आणि परवानगी नसताना दिलं तरी पक्षानं 15 दिवसांत ते माफ केलं तर अपात्रता लागत नाही. म्हणजे मतदानाआधी तीन मागण्यांचं पत्र पक्षाच्या गटनेत्याला रीतसर द्यायचं, उत्तर मागायचं, आणि मतदानानंतर पंधरवडाभर बोलणीचं दार उघडं ठेवायचं. पक्ष कदाचित नाहीच म्हणाला असता. पण नाही कशाला म्हणाला, ते कागदावर आलं असतं. मला हे कलम माहीत होतं. कर्मचाऱ्यानं सदस्याला राजकीय सल्ला देऊ नये, या नियमामागे मी लपलो.

मतदानाआधीचे चार दिवस

तात्यांनी एक गोष्ट फार चांगली केली. विरोधी गटाच्या नेत्यांकडून त्यांनी तीनही मागण्या कागदावर लिहून, खाली सही घेऊन मागितल्या. पदाचं बोलणं निघालं तेव्हा 'मला काही नको, हे एवढं लिहून द्या' म्हणाले. सही मिळाली. तो कागद लाल वहीत चिकटवलेला मी पाहिलाय.

आणि त्यानंतर लगेच एक चूक केली. विरोधी गटाचे सगळे सदस्य कोकणात हलवले जात होते, तात्याही त्यांच्याबरोबर गेले. कारण साधं होतं. घरासमोर सत्ताधाऱ्यांची माणसं बसून होती, भावाला दक्षिणेत फोन जात होते, चुलत्याच्या सोसायटीच्या कर्जाची आठवण करून दिली जात होती. चार दिवस कुठेतरी शांत राहावं एवढाच विचार. तिथे किनाऱ्यावर कुणीतरी फोटो काढला. तात्या विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे, हातात चपला, आणि हसतायत. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात उतरला होता. फोटो दुसऱ्या दिवशी गटातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला. गावं टँकरवर आणि आमचे सदस्य समुद्रात, एवढंच त्याखाली लिहिलं होतं.

पक्षादेश त्याच दिवसांत आला. गटनेत्याची माणसं गावी गेली, तात्या नाहीत म्हटल्यावर दोन पंच उभे करून कागद दाराला डकवला, पंचनामा केला, फोटो काढला. घरी म्हातारी आई एकटी. आभाळ भरून आलं होतं. तिनं उलथन्यानं हलक्या हातानं कागद सोडवला, पदरानं पुसला आणि फडक्यात गुंडाळून देवळीत ठेवला. "सरकारी कागद हाय, भिजंल," असं ती शेजारणीला म्हणाली. वर्षभर जो पाऊस हवा होता तो त्या संध्याकाळी थोडा पडला, असं तात्या सांगतात.

मतदान आणि नंतर

अध्यक्ष निवडीचं मतदान हात वर करून होतं. पीठासीन अधिकारी नाव पुकारतात, आम्ही नोंद करतो. तात्या मागच्या रांगेतल्या नेहमीच्याच खुर्चीवर बसले होते. विरोधी उमेदवाराचं नाव पुकारलं तेव्हा पुढच्या रांगांमधले हात झटकन वर गेले. तात्यांचा हात सावकाश गेला, आणि मोजणी संपून पीठासीन अधिकाऱ्यांनी 'हात खाली घ्या' म्हटल्यावरही थोडा वेळ वरच राहिला. एका मतानं सत्ता पालटली.

बाहेर गुलाल उधळला जात होता. तात्या मागच्या जिन्यानं खाली उतरून एस.टी. स्टँडकडे चालत गेले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना कुणीतरी माईक धरायला हवा होता. मत का दिलं, हे त्यांनी त्या दिवशी एका माणसालाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'नाराज सदस्याची बंडखोरी' एवढंच होतं, आणि गावात समुद्राचा फोटो होता. पेट्या पोचल्या, असं लोक बोलू लागले. दारात नवी गाडी आली नाही, घराला रंग लागला नाही. तरी बोलणं थांबलं नाही. चुलत्याच्या कर्जाची वसुली खरोखरच लागली.

जिल्हाधिकाऱ्यांसमोर

पंधरा दिवस उलटले, पक्षानं माफ केलं नाही, अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल झाला. या प्रकरणांत लढाई बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर होते. पक्षादेश सदस्याला मिळाला की नाही? गटनेत्याला तो बजावण्याचा अधिकार होता का, पक्षाच्या गटाची नोंद रीतसर झाली होती का, हे पुढचे मुद्दे. वकिलानं तात्यांना सांगितलं की दाराला डकवलेला कागद मिळालाच नाही असं म्हणा, तुम्ही गावात नव्हता, हे तर सगळ्या जिल्ह्यानं फोटोत पाहिलंय. ज्या फोटोनं नाव घालवलं, तोच पद वाचवणार होता.

तारखा पडत गेल्या, वर्ष उलटून गेलं. अखेर जबाबाच्या दिवशी तात्यांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "मिळाला होता. आईनं काढून ठेवला होता. मतदानाच्या आदल्या रात्री घरी येऊन मी वाचला." वकिलानं फाईल मिटली.

यावर मी खूप विचार केलाय. ओळखीतले बरेच जण याला भाबडेपणा म्हणतात. सदस्यत्व टिकलं असतं तर योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी त्यांना भांडता आलं असतं, हे खरंच आहे. पण दीड वर्ष ज्या माणसानं 'जे घडलं ते लिहा' एवढीच मागणी केली, त्यानं आपल्याच जबाबात घडलेलं नाकारलं असतं, तर त्या लाल वहीचं काय राहिलं असतं? हा निर्णय त्यांना महाग पडला. मला तो बरोबर वाटतो.

ते अपात्र ठरले तेव्हा मुदतीतले थोडेच महिने उरले होते. वर अपील करता येत होतं. तात्यांनी केलं नाही. मंत्रालयात खेटे घालायला पैसा भावाचा, आणि भावाकडे मागायला आता तोंड नाही, असं म्हणाले.

हाती काय आलं

नव्या अध्यक्षांनी लिहून दिलेलं काही पाळलं, काही नाही. पंप बदलले, मेन लाईनचा मधला पट्टा नवा टाकला. अकरापैकी सात गावांना पाणी पोचलं. पहिल्या दिवशी एका वाडीतल्या बायकांनी नळाला हळद-कुंकू वाहिलं, तिथं तात्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ते रस्त्याकडेला उभं राहून बघून आले. उरलेली चार गावं उंचावरची, तिथे दाब पुरला नाही. दोन उन्हाळ्यांनी वीजबिल पुन्हा थकलं आणि योजना अधूनमधून बंद पडू लागली. दुरुस्ती एकदा करून भागत नाही, तिला दरवर्षी पैसा लागतो, हे त्या तीन मागण्यांत होतंच.

ऐनवेळच्या विषयांबाबत मात्र खरा बदल झाला. पैशाचा विषय असेल तर त्याची टिपणी सभेआधी सदस्यांच्या हातात द्यायची, असा शिरस्ता पडला. आणि विरोध नावानिशी लिहिला जाऊ लागला. पहिल्यांदा तशी नोंद मी केली तेव्हा मसुदा वर जाऊन परत आला, त्यावर रेघ नव्हती. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

2017 ला तात्यांचा गट सोडतीत महिलांसाठी राखीव झाला. कार्यकर्ते म्हणाले वहिनींना उभं करू. वहिनींनी तात्यांनाच विचारलं, "सभेत बोलणार कोण? मी का तुम्ही?" तात्या म्हणाले, "तू." त्या अपक्ष उभ्या राहिल्या, अकराही गावं पायी फिरल्या, आणि पडल्या. पाणी आलेल्या सात गावांपैकी चार गावांत त्या पुढे होत्या. तात्यांनी हा आकडाही वहीत लिहिलाय.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिलं म्हणजे विरोध तोंडी ठेवला, ही चूक. सभेत ओरडून सांगितलेलं इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या आणि त्याच्या वरच्यांच्या मर्जीवर राहतं. सभा संपल्यावर दोन ओळींचं पत्र आवक-जावकला देऊन क्रमांक घेतला असता, तर लाल रेघ मारायला कुणी धजावलं नसतं. पुढे त्यांनी हे शिकून घेतलं, पण पहिली निर्णायक सभा हातची गेली.

दुसरं, ते एकटे राहिले. पूर्वेच्या गटांतले आणखी चार-पाच सदस्य त्याच दुखण्यानं बेजार होते. सभेनंतर जिन्यात ते तात्यांचा हात दाबून 'बरोबर बोललात' म्हणायचे. त्यांच्याबरोबर बसून निदान एका ठरावावर पाच सह्या घेण्याचा प्रयत्न तात्यांनी केला नाही. त्यांना वाटायचं, खरं असेल तर एकट्यानं बोललं तरी पुरतं. स्वभाव होता तो. सायकलवरून पाणी परिषदेला गेलेल्या माणसानं हजारोंच्या गर्दीकडून एवढं तरी घ्यायला हवं होतं.

तिसरं, मतदानाआधी स्वतःच्या गावांत जायला हवं होतं, कोकणात नव्हे. अकरा गावांत अकरा पारांवर बसून 'मी असं करणार आहे, पद जाईल, चालेल का' असं विचारलं असतं, तर काही ठिकाणी शिव्या पडल्या असत्या. पण नंतर फोटो आला असता तर तो बघणारा माणूस आधी तात्यांचं ऐकून बसलेला असता. मी हे त्यांना एकदा बोललो. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला भीती होती, भाऊसाहेब. लोक नको म्हणाले असते तर?"

चौथं, ते 15 दिवसांचं कलम. त्याबद्दलचा माझा वाटा वर सांगितलाच आहे.

मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणुका लांबतच गेल्या. 2023 च्या उन्हाळ्यात तात्या माझ्या घरी आले. केस पांढरे झालेले, पिशवी तीच. वर राहिलेल्या चार गावांच्या लाईनचं काम प्रशासकाच्या ठरावानं दुसरीकडे वळवल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. चहा होईपर्यंत त्यांनी वही उघडली, तारखेचा रकाना आखला, आणि विचारलं, "भाऊसाहेब, आता सभाच नाही. मग विरोध कुठं नोंदवायचा?"

मी म्हटलं, अर्ज लिहा, ठरावाची प्रत मागा, चारही गावांच्या ग्रामसभांचे ठराव जोडा आणि आवक क्रमांक घ्या. या वेळी मसुदा मीच लिहून दिला. खाली सही त्यांची होती आणि त्यांच्या खाली चार सरपंचांची. क्रमांक वहीत आहे.